एक मादी, दोन नर: केंब्रिजच्या बागेतल्या डनॉकचं प्रकरण

डनॉक हा युरोपातला चिमणीएवढा पक्षी आहे. रंग तपकिरी-करडा, वजन वीस ग्रॅमच्या आसपास. झुडपांच्या बुडाशी, जमिनीलगत, पंखांना हलके झटके देत तो किडे टिपत फिरतो आणि सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस नावाच्या इंग्रज पाद्र्याने पक्ष्यांवर बरंच लिहिलं. १८५६ मध्ये त्याने या पक्ष्याच्या साध्या पोशाखाची आणि नम्र वागणुकीची तारीफ केली आणि माणसांनी त्याचा आदर्श ठेवावा असं सुचवलं. सव्वाशे वर्षांनी केंब्रिज विद्यापीठाच्या बॉटॅनिक गार्डनमध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक निक डेव्हिस यांनी याच पक्ष्याच्या पायांत रंगीत कड्या अडकवल्या आणि कोण कुणाबरोबर काय करतं ते टिपायला घेतलं. मॉरिससाहेबांच्या गावकऱ्यांनी सल्ला मनावर घेतला असता तर काय झालं असतं, असा प्रश्न त्यानंतर पक्षिशास्त्रज्ञांच्या गप्पांत नेहमी निघू लागला.

मात्र हे प्रकरण नुसतं चविष्ट आहे म्हणून मांडत नाही. पक्ष्यांची कुटुंबरचना ‘जातीचा स्वभाव’ म्हणून सांगायची आपल्याला सवय आहे: सारस एकनिष्ठ, सुगरणीचा नर बहुपत्नीक, कमळपक्ष्याची मादी बहुपतिक. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९६८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पक्ष्यांच्या ९० टक्क्यांहून अधिक जाती एकपत्नीक ठरल्या होत्या. डनॉक या कुठल्याच खणात बसत नाही. एकाच बागेत, एकाच वसंतात, एका कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे जोडपं असतं, एका नराच्या दोन माद्या असतात, एका मादीचे दोन नर असतात आणि दोन नर-दोन माद्या असा चौकोनी संसारही असतो. सगळे एकाच जातीचे आणि शेजारी-शेजारी राहणारे. मग रचना ठरवतं कोण?

उत्तरासाठी यातला एकच संसार जवळून पाहू, एक मादी आणि दोन नरांचा. त्यात नात्यांचे ताण सर्वांत उघड दिसतात.

त्रिकूट जमतं कसं

विणीचा हंगाम जवळ आला की प्रत्येक मादी स्वतःची हद्द ठरवते आणि दुसऱ्या माद्यांना तिथून हुसकावते. ही हद्द किती मोठी, हे झाडोऱ्यावर अवलंबून असतं. झुडपं दाट असतील तर थोड्या जागेत पोटापुरते किडे मिळतात आणि हद्द लहान राहते. झाडी विरळ, मधे मोकळं गवत असेल तर मादीला लांबवर फिरावं लागतं. नर या हद्दी ठरवत नाहीत. ते गाऊन आपापल्या हद्दी राखतात आणि त्या माद्यांच्या हद्दींवर येऊन बसतात.

नराची अडचण इथेच सुरू होते. मादीची हद्द लहान असेल तर एक नर ती सहज राखतो, जमलं तर शेजारच्या मादीचीही राखतो. ती मोठी आणि विखुरलेली असेल तर नर एका टोकाला गात असताना दुसऱ्या टोकाला दुसरा नर शिरतो. महिनाभर पाठलाग आणि मारामाऱ्या होतात. शेवटी दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला पुरतं हाकलू शकत नाही आणि दोन नर एकाच हद्दीत गाऊ लागतात. त्यातला एक वरचढ असतो, दुसरा दुय्यम. दुय्यम नर बऱ्याचदा वयाने लहान असतो. हे दोघे भाऊ किंवा बाप-लेक नसतात, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘आप्ताला मदत केली की आपल्याच जनुकांचं भलं’ हे सोयीचं स्पष्टीकरण त्यामुळे इथे लागू होत नाही.

झाडोरा आणि अन्न यांचा हा संबंध तपासायला डेव्हिस आणि अर्ने लुंडबर्ग यांनी काही हद्दींत मुद्दाम जास्तीचं खाणं ठेवलं. माद्यांच्या हद्दी आकसल्या, नरांच्या फारशा बदलल्या नाहीत. एका मादीमागे दोन नर हे प्रमाण घटलं आणि एका नराला दोन माद्या मिळण्याची शक्यता वाढली. पक्षी तेच, बाग तीच, फक्त जेवणाची जागा बदलली तर संसाराची घडी बदलली. हिवाळ्याचाही यात हात असतो. कडाक्याच्या थंडीत खाण्याच्या जागेवर नर माद्यांना बाजूला सारतात, माद्या जास्त मरतात आणि वसंतात नर शिल्लक राहतात.

अंडी घालायचे दिवस

घरटं मादी एकटीच बांधते आणि अंडीही एकटीच उबवते. नरांचा खरा गोंधळ अंडी पडण्याआधीच्या आठवड्यात आणि अंडी पडत असताना असतो. वरचढ नर मादीच्या मागे मीटरभर अंतर ठेवून सावलीसारखा फिरतो. ती उडाली की हा उडतो. दुय्यम नर जवळ आला की त्याच्यावर धावून जातो.

आणि मादी? वरचढ नराची नजर चुकवून ती दाट झुडपात शिरते आणि दुय्यम नराला गाठते. अंग फुलवून, पंख थरथरवत, शेपटी वर करून त्याला आमंत्रण देते. निव्वळ नरांच्या भांडणाचं बक्षीस म्हणून तिच्याकडे पाहिलं तर हे वागणं कळतच नाही. राखण करणाऱ्या ताकदवान नरापासून पळून ती कमकुवत नराकडे का जाते? ‘बलवान नर निवडला की बलवान पिल्लं’ ही आपली ठरलेली समजूत इथे उलटी पडते.

प्रत्यक्ष समागम क्षणाच्या अंशात उरकतो; नर मादीवरून उडी मारून गेल्यासारखा दिसतो. पण त्याआधी जे घडतं ते या पक्ष्याचं सर्वांत चमत्कारिक वर्तन आहे. मादी शेपटी बाजूला करून उभी राहते आणि नर तिच्या अवस्करावर, म्हणजे विष्ठा, अंडी आणि शुक्राणू या सगळ्यांसाठी असलेल्या एकाच तोंडावर, चोचीने टोचत राहतो. हे दोन मिनिटांपर्यंत चालतं, टोचे तीसपर्यंत जातात. मग तिथून एक लहानसा थेंब बाहेर पडतो, नर तो निरखतो आणि लगेच समागम करतो. १९८३ मध्ये डेव्हिस यांनी दाखवलं की त्या थेंबात आधीच्या समागमाचे शुक्राणू असतात. मादी दुसऱ्या नराबरोबर वेळ घालवून आली असेल तर टोचणं आणखी वाढतं. दोन्ही नर हेच करतात. अशा हंगामात मादी तासाला एक-दोनदा, एका विणीसाठी शंभराहून अधिक वेळा समागम करते. बीजफलनाला इतक्या वेळा काहीच गरज नसते. दोन्ही नरांच्या खात्यात काहीतरी जमा होत राहावं यासाठी ही सगळी धावपळ.

थेंब बाहेर टाकणं मादीच्या हातात आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. आधीच्या नराचे शुक्राणू टाकून देण्याची तयारी दाखवल्याशिवाय पुढचा नर समागम करत नसेल, तर टोचू देणं ही तिच्या बाजूने अट मान्य करणंच झालं.

हिशेब

आता आकडे. प्रत्येक प्रकारच्या संसारातून एका हंगामात किती पिल्लं उडून गेली, हे डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. साध्या जोडप्यात मादीला सरासरी ५.० पिल्लं मिळाली आणि अर्थातच नरालाही ५.०. एका नराच्या दोन माद्या असतील तर नराची मदत वाटली जाते, म्हणून प्रत्येक मादीला ३.८ मिळाली, पण नराची बेरीज ७.६ झाली. एका मादीला दोन नर असतील आणि दोघेही पिल्लांना भरवत असतील तर मादीला ६.७. या पिल्लांची नरांमधली वाटणी वरचढाला ३.७ आणि दुय्यमाला ३.०. चौकोनी संसारात प्रत्येक मादीला ३.६, वरचढ नराला ५.०, दुय्यमाला २.२.

हे आकडे शेजारी ठेवले की बागेतली भांडणं उलगडतात. नराला सर्वांत फायद्याची रचना मादीला जोडप्यापेक्षा महागात पडते आणि मादीला सर्वांत फायद्याची रचना वरचढ नराला जोडप्यापेक्षा तोट्याची असते. मादी दुय्यम नराकडे पळते, कारण त्याच्या चोचीतून येणारा जास्तीचा चारा तिला जोडप्यापेक्षा दीड-पावणेदोन पिल्लं जास्त देतो. वरचढ नर तिला अडवतो, कारण तेच पिल्लांचं पीक त्याच्यासाठी ५.० वरून ३.७ वर येतं.

वरचढ नराचं नुकसान नेमकं कुठे थांबेल? ६.७ पिल्लांपैकी पाच त्याची असावीत, म्हणजे जवळजवळ पंचाहत्तर टक्के पितृत्व त्याच्याकडे हवं, तर दोन नरांचा संसार त्याला जोडप्याइतका परवडेल. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला पंचावन्न टक्क्यांच्या आसपास येतं. ही मधली वीस टक्क्यांची फट म्हणजेच झुडपात शिरून मादीने दुय्यम नराला दिलेले क्षण. राखण चालू राहते, पण पुरी पडत नाही.

सरासरीवरून एवढा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे, हे मान्य. दोन नर असलेल्या माद्यांच्या हद्दीच मुळात चांगल्या असतील तर? पण मोठी हद्द ही बहुधा विरळ झाडीची खूण असते. म्हणजे या माद्यांनी जास्त पिल्लं वाढवली असतील तर बरी जागा हे त्याचं कारण असण्याची शक्यता कमीच. शिवाय दोन नर भरवत असलेल्या घरट्यांत चारा जास्त येत होता आणि उपासमारीने मरणारी पिल्लं कमी होती.

कोण भरवतं

पिल्लं बाहेर आली की मादीच्या धडपडीची खरी परीक्षा होते. पिल्लं साधारण बारा दिवस घरट्यात असतात आणि बारीक किडे सतत आणावे लागतात. वरचढ नर बहुतेक वेळा भरवतो. दुय्यम नराच्या बाबतीत मात्र सगळं एका गोष्टीवर ठरतं: अंडी घालायच्या दिवसांत त्याला मादीजवळ जाता आलं होतं का? आलं असेल तर तो भरवतो. अजिबात आलं नसेल तर त्याला त्या घरट्याशी घेणंदेणं नसतं, आणि काही प्रसंगी तर तोच घरट्याला धोका ठरतो. समागम न मिळालेल्या दुय्यम नरांमुळे अंडी किंवा पिल्लं नष्ट झाल्याचा संशय डेव्हिस यांनी नोंदवला आहे. वीण फसली तर मादी लवकर दुसरी वीण घालते, तेव्हा या नराला नवी संधी मिळते. सिंह आणि वानरांच्या काही टोळ्यांत नवा नर पिल्लं मारतो, त्यामागेही हाच हिशेब असतो.

पण नराला कसं कळतं की पिल्लं आपली आहेत? १९८४ मध्ये लीसेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंगची, म्हणजे डीएनएवरून कोण कुणाचं अपत्य हे ओळखण्याची, पद्धत सापडली. टेरी बर्क यांनी ती पक्ष्यांवर वापरायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये बर्क, डेव्हिस, ब्रुफर्ड आणि हॅचवेल यांनी डनॉकच्या घरट्यांचे निकाल ‘नेचर’ या नियतकालिकात छापले. एका घरट्यात दोन्ही नरांची पिल्लं सापडली. बाहेरच्या नराची पिल्लं जवळजवळ नव्हतीच. दुय्यम नराचा समागमातला वाटा जितका मोठा, तितका त्याचा चारा भरवण्यातला वाटा मोठा.

पुढचा निकाल मला जास्त बोलका वाटतो. एकाच घरट्यात दोघांची पिल्लं असतानाही कुठलाही नर स्वतःचं पिल्लू ओळखून त्यालाच जास्त भरवत नव्हता. चोच उघडून जो पुढे आला त्याला घास. म्हणजे नराजवळ पितृत्व तपासण्याचं कुठलंही साधन नाही. त्याच्याजवळ एक ठोकळ नियम आहे: त्या दिवसांत तिच्याबरोबर किती वेळ मिळाला, त्या प्रमाणात मेहनत करायची. पावती हरवलेल्या गिऱ्हाईकाने किती पैसे भरले ते आठवून वाटा मागावा, तशातला हा प्रकार.

नियम खरोखर असाच आहे की नाही हे तपासायला काही नरांना थोड्या दिवसांसाठी पकडून ठेवलं आणि नंतर सोडलं. अंडी घालण्याच्या काळात वरचढ नर गायब झाला की दुय्यमाला मोकळं रान मिळायचं. सुटून आल्यावर वरचढ नर पुन्हा आपली जागा घ्यायचा. पण पिल्लांना भरवताना त्याची मेहनत त्याला मिळालेल्या थोड्या संधीच्या प्रमाणात राहायची. तोच नर अंडी उबवण्याच्या काळात, म्हणजे समागमाची वेळ संपल्यावर, पकडून ठेवला तर परत येऊन नेहमीप्रमाणे भरवायचा. गैरहजेरी तेवढीच, पण कोणत्या दिवसांतली यावर सगळं ठरत होतं. हा नियम चुकतोही. संधी मिळूनही पितृत्व न मिळालेले काही नर दुसऱ्याच्या पिल्लांना निमूट भरवत राहिले. पितृत्वाशी बऱ्यापैकी जुळणारी खूण पुरेशी असते, अचूक नसली तरी.

दुय्यम नराकडे लपून जाण्यामागे नराचा हा नियम कामाला लावण्याचा मादीचा डाव दिसतो. तिला हवा आहे तो जास्तीचा चारा, आणि दुय्यम नर तो देईल एवढीच संधी तिने त्याला दिली की काम भागतं. तिला हे ‘समजतं’ असं म्हणायचं नाही. अशी वागणूक असलेल्या माद्यांची पिल्लं जास्त जगली, एवढंच पुरे.

दुसरी मादी आली तर

याच त्रिकुटाच्या शेजारी दुसऱ्या मादीची हद्द असेल तर वरचढ नराचे प्रयत्न तिकडे सुरू होतात. दुय्यमाला हाकलून दोन्ही माद्या आपल्याकडे ठेवता आल्या तर त्याला ७.६ मिळतात. पण दोन्ही माद्या एकमेकींवर तुटून पडतात, कारण नर वाटून घेण्यात प्रत्येकीचा तोटा आहे. वरचढ नर दुय्यमाला हाकलू शकत नाही आणि मादी मादीला हाकलू शकत नाही, तेव्हा चौकोनी संसार उभा राहतो. दोन नर आणि दोन माद्यांची ही व्यवस्था कुणीच निवडलेली नसते. दोन्ही बाजूंनी खेच चालू असताना दोर जिथे अडकला, ती ही जागा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून न्यूझीलंडला नेऊन सोडलेल्या डनॉकवर डुनेडिनच्या बॉटॅनिक गार्डनमध्ये पुढे अभ्यास झाला. तिथेही जोडपी आणि दोन नरांची त्रिकुटं एकाच परिसरात दिसली.

यावरून ‘बहुपतिकत्व म्हणजे असंच’ असा नियम काढायला मी तयार नाही. दक्षिण अमेरिकेतल्या टॅमरिन माकडांत एका मादीबरोबर दोन नर राहतात, पण मादीला जुळी होतात आणि ती एकत्र तिच्या वजनाच्या मोठ्या हिश्श्याची असतात. दुसऱ्या नराच्या खांद्याशिवाय ती वागवणंच कठीण. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून पुढच्या नराकडे जाते आणि अंडी-पिल्लं नरच सांभाळतात; तिथे नरांची मदत वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. पेंड्युलाइन टिट या युरोपातल्या छोट्या पक्ष्यात ताण आणखी टोकाला जातो. नर किंवा मादी, दोघांपैकी कुणीही अंड्यांना सोडून दुसरा जोडीदार शोधायला जातं, आणि कधी कधी दोघेही जातात. जवळजवळ एक तृतीयांश अंडी अशी बेवारस पडून मरतात.

डनॉकच्या प्रकरणाची जास्त जवळची परीक्षा पिरेनीज पर्वतात झाली. डनॉकच्याच कुळातला अल्पाइन ॲक्सेंटर उंच उघड्या डोंगरावर राहतो. अन्न विखुरलेलं, हद्दी अवाढव्य, म्हणून तीन-चार नर आणि तीन-चार माद्या एकाच परिसरात वावरतात. डेव्हिस, हॅचवेल, हार्टली आणि लँगमोर यांनी १९९० च्या दशकात तिथे पाहिलं, तेव्हा नर इथेही ज्या मादीबरोबर समागम झाला तिच्याच पिल्लांना भरवत होते. पण इथे संधी शोधत फिरावं लागत होतं ते माद्यांना. वीण जवळ आली की मादीचं अवस्कर लालभडक होतं, ती नरांसमोर वारंवार आमंत्रणं देते आणि नर तिला बऱ्याचदा नाकारतात. नरांना बोलावण्यासाठी माद्या गातातही. एकाच वेळी अनेक माद्या विणीला आल्या तर नरांचा वेळ अपुरा पडतो, म्हणून माद्यांत आपसांत स्पर्धा लागते, आणि वरचढ नराजवळ कोण किती राहिलं यावर दुय्यम नरांच्या वाट्याला कोणती मादी येते ते ठरतं.